ईव्हीच्या बॅटरीचे आकडे गोठतात किंवा उड्या मारतात: कॅन बसवर दोष कुठे शोधायचा

ईव्हीतले (विजेवरच्या गाडीतले) कंट्रोलर ज्या दोन वायरींवर एकमेकांना मेसेज पाठवतात ती कॅन बस. तिला स्वतःचा छोटा बोर्ड जोडून बॅटरीचे आकडे डिस्प्लेवर वाचणाऱ्यांची ही तक्रार साधारण तीन रूपांत येते. पहिलं रूप: डिस्प्लेवर चार्जची टक्केवारी नीट दिसत असते, मग ७३ वर येऊन चिकटते. गाडी ऐरोलीहून निघून पनवेलला पोचली तरी ७३ च. दुसरं: गाडी जागेवर उभी, आणि करंट दाखवतोय ३००० अँपिअर, किंवा चालताना मधेच आकडा हजाराच्या वर जाऊन परत येतो. तिसरं: टेबलावर सगळं चालतं आणि गाडीत लावलं की एकही मेसेज येत नाही, नाहीतर मे महिन्यात उत्तम चाललेली जोडणी जुलैत अधूनमधून मुकी होते.

तिन्ही वेळा लोक आधी सूत्र बदलायला बसतात. सूत्राला सगळ्यात शेवटी हात लावा. चुकीचं सूत्र तसाच बाइट आला की तसंच चुकतं, दर वेळी. जे कधी चालतं आणि कधी नाही, ते बहुतेक करून वायर, अर्थ (ग्राउंड), बिटरेट (बसचा वेग) किंवा बफर (आलेले मेसेज तात्पुरते साठवायची जागा) यांपैकी कशात तरी असतं. याला दोनच मोठे अपवाद आहेत, ऋण चिन्ह आणि मल्टिप्लेक्स केलेले मेसेज (एकाच आयडीवर आळीपाळीने वेगळी माहिती आणणारे), आणि ते पुढे येतात. खालून वर, म्हणजे वायरपासून सूत्राकडे जात तपासलं तर एका दुपारचं काम आहे. वरून खाली आलं तर आठवडे जातात आणि शेवटी कनेक्टरच सैल निघतो.

मेसेजचे आयडी आणि गाडीला पाठवायच्या विचारणेचे बाइट पुढे हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) दिले आहेत. सूत्रांच्या हिशेबातल्या बाइटच्या किमती मात्र दशमानात आहेत, म्हणजे हिशेब कागदावर पडताळता येईल. आणि एक गोष्ट पहिल्यापासून पाळायची: नारिंगी वेष्टणाच्या (हाय व्होल्टेजच्या) केबल, सर्व्हिस प्लग आणि पॅकचं झाकण यांना हात लावायचा नाही. इथलं सगळं काम ओबीडी सॉकेटवर (गाडीच्या तपासणीसाठी दिलेल्या) किंवा बीएमएसच्या (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या बोर्डाच्या) कम्युनिकेशन कनेक्टरवर होतं.

आधी मल्टिमीटर

ओबीडी सॉकेटवर कॅन-हाय पिन ६ ला आणि कॅन-लो पिन १४ ला असते. अर्थ पिन ४ आणि ५ ला, कायम चालू १२ व्होल्ट पिन १६ ला. काही गाड्यांत बॅटरीची बस याच सॉकेटच्या वेगळ्या पिनांवर आणलेली असते. निसान लीफमध्ये ती १३ आणि १२ वर आहे, म्हणून ६ आणि १४ वर बॅटरीचे मेसेज शोधत बसणाऱ्याला ते सापडत नाहीत.

चावी बंद करा, दारं लावा, बस झोपेपर्यंत थांबा. शक्य असेल तर १२ व्होल्टच्या बॅटरीचं ऋण टर्मिनल काढा. आता हाय आणि लोच्या मध्ये रेझिस्टन्स मोजा. बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून मीटरवर ६० च्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एका टोकाचा रेझिस्टर नाही किंवा मधेच वायर तुटली आहे. शून्याजवळ आलं तर शॉर्ट. हजारांत आलं तर तुम्ही मुख्य बसवर नाहीच, किंवा दोन्ही टोकं सुटली आहेत.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारा आकडा ४० आहे, आणि तो बहुतेक वेळा आपणच आणलेला असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या एसएन६५एचव्हीडी२३० या ट्रान्सीव्हरच्या (बस आणि कंट्रोलर यांना जोडणाऱ्या चिपच्या) छोट्या निळ्या बोर्डावर १२० ओहमचा एसएमडी रेझिस्टर आधीच सोल्डर केलेला असतो. त्यावर १२१ छापलेलं दिसतं. एमसीपी२५१५ या कॅन कंट्रोलरच्या बोर्डावर हाच रेझिस्टर जंपरने जोडलेला असतो. टेबलावर दोनच नोड (बसला जोडलेली यंत्रं) असताना तो हवा. गाडीत दोन रेझिस्टर आधीच आहेत, तिसरा समांतर गेला की बसवरचं ओझं वाढतं. मानकाप्रमाणे ट्रान्सीव्हरने ५० ते ६५ ओहमच्या लोडवर दोन वायरींत किमान १.५ व्होल्टचा फरक द्यायचा असतो, आणि समोरच्या नोडला प्रबळ (डॉमिनंट) बिट ओळखायला ०.९ व्होल्ट लागतात. ४० ओहमवर ही मधली मोकळीक खाल्ली जाते. गाडी लगेच बंद पडत नाही. लांबची वायर, जुना कनेक्टर आणि गरम इन्व्हर्टर एकत्र आले की फ्रेम (बसवरचे मेसेज) गळायला लागतात. म्हणून मोजमाप दोनदा करायचं, एकदा आपलं यंत्र लावून आणि एकदा काढून. दोन्हीत फरक पडला तर बोर्डावरचा तो रेझिस्टर सोल्डरिंग गनने काढून टाका.

मग चावी चालू करून व्होल्टेज बघा, अर्थच्या तुलनेत. बस जागी असताना मीटर सरासरी दाखवतो: हाय साधारण २.६ ते २.८, लो २.२ ते २.४, दोन्हींची बेरीज ५ च्या जवळ. हाय खाली आणि लो वर दिसली तर वायरी उलट्या आहेत. दोन्ही शून्याजवळ असतील तर बस झोपलेली आहे.

पावसाळ्याचा प्रश्न खाडीकाठी वेगळाच असतो. वाशी, ऐरोली, बेलापूर, कोपरीकडच्या हवेत ओल आणि खार दोन्ही असतं, आणि टी-टॅप किंवा स्कॉच-लॉक प्रकारच्या चिमट्यांत पाणी केशाकर्षणाने वर चढतं. तांब्यावर हिरवा थर धरतो. मग ६० ओहमचं ७० होतं, वायर हलवली की ८५, परत ६२. असा हलता आकडा दिसला की सॉफ्टवेअर बंद करून ठेवा आणि तो जोड कापा. नवीन जोड सोल्डर करून आतून गोंद असलेली हीट-श्रिंक चढवा, नाहीतर रबरी सील असलेला वॉटरप्रूफ कनेक्टर वापरा. भोक बुजवायला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन कधीच लावू नका. ते सुकताना अॅसेटिक आम्ल सोडतं आणि महिन्याभरात तेच तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं सिलिकॉन मिळतं, तेच घ्या.

मुख्य बसपासून आपल्या बोर्डापर्यंतचा फाटा एका फुटाच्या आत ठेवा. ०.५ चौरस मिलिमीटरच्या दोन वायरी ड्रिलमध्ये धरून मीटरला ३०-४० पीळ दिले की पुरतं. गाडीची मूळ वायर कापण्यापेक्षा ओबीडीचा वाय-केबल वापरणं केव्हाही बरं. वॉरंटीच्या वेळी वाद होत नाही.

तीनचाकीतला अर्थ

मोठ्या कारमध्ये हाय व्होल्टेज पॅक चॅसिसपासून वेगळा असतो आणि कॅनचे ट्रान्सीव्हर १२ व्होल्टच्या बाजूला असतात, म्हणून अर्थाची फारशी काळजी नसते. ई-रिक्षा, मालवाहू तीनचाकी आणि लेड-अॅसिड काढून एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बसवलेल्या ४८ किंवा ६० व्होल्टच्या गाड्यांत मात्र बोर्ड जळण्याचं मुख्य कारण अर्थ हेच आहे. वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत अशा गाड्यांची कामं करणाऱ्या प्रत्येकाने हे नीट समजून घ्यावं.

स्वस्त स्मार्ट बीएमएसमध्ये चार्ज-डिस्चार्जचे मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) बहुधा ऋण बाजूला असतात. सेलचं ऋण टोक म्हणजे बी-मायनस, आणि मॉस्फेटच्या पलीकडे गाडीला जाणारं ऋण टोक म्हणजे पी-मायनस. बीएमएसच्या कॅन किंवा यूआर्ट (सिरियल) कनेक्टरवरचा अर्थ अनेकदा थेट बी-मायनसला असतो. आपल्या ईएसपी३२ ला (आकडे वाचणाऱ्या कंट्रोलर बोर्डाला) वीज मिळते डीसी-डीसी कन्व्हर्टरमधून, त्याचा अर्थ पी-मायनसला. मॉस्फेट चालू आहेत तोवर दोन्ही टोकं जवळजवळ एकच. बीएमएसने ओव्हरलोडमुळे किंवा सेल रिकामा झाल्यामुळे डिस्चार्ज तोडला, की पी-मायनस लोडमधून वर ओढला जातो आणि दोन अर्थांत पॅकचं जवळपास पूर्ण व्होल्टेज उभं राहतं. साध्या ट्रान्सीव्हरला कॉमन-मोडमध्ये (स्वतःच्या अर्थच्या तुलनेत दोन्ही वायरींवर एकत्र) उणे २ ते अधिक ७ व्होल्ट चालतात. तिथे ५० आले की एका क्षणात बोर्ड गेला, आणि कधीकधी बीएमएसचं कम्युनिकेशनही. मग लोक म्हणतात, रिक्षा चढावर बंद पडली आणि तेव्हापासून डेटा येत नाही.

उपाय एकच खात्रीचा आहे: आयसोलेटेड ट्रान्सीव्हर, म्हणजे दोन्ही बाजूंचे अर्थ वेगळे ठेवणारा. आयएसओ१०५० वापरला तर त्याच्या बसकडच्या बाजूला बी०५०५एस सारखा १ वॉटचा आयसोलेटेड डीसी-डीसी लागतो. एडीएम३०५३ मध्ये तो आतच असतो. आयसोलेशनशिवाय लॅपटॉप चार्जरला लावून अशा गाडीची बस ऐकू नका. लॅपटॉप निदान स्वतःच्या बॅटरीवर चालवा.

ट्रान्सीव्हरच्या पुरवठ्याबद्दलही इथेच सांगायला हवं. एमसीपी२५१५ च्या नेहमीच्या बोर्डावर टीजेए१०५० असतो आणि त्याला ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. ईएसपी३२ ला जुळावं म्हणून तो ३.३ वर चालवला की टेबलावर चालतो, गाडीत दगा देतो. पूर्ण बोर्ड ५ व्होल्टवर चालवला तर त्याचे ५ व्होल्टचे सिग्नल ३.३ च्या कंट्रोलरमध्ये शिरतात. ईएसपी३२ मध्ये कॅन कंट्रोलर आतच आहे, त्याला ३.३ वर चालणारा एसएन६५एचव्हीडी२३० पुरेसा आहे. वर एमसीपी२५१५ जोडायची गरजच नाही.

बिटरेट आणि क्रिस्टल

कारमध्ये बहुधा ५०० केबीपीएस, दोन-तीनचाकींच्या बीएमएसमध्ये बऱ्याचदा २५०. ऑसिलोस्कोप असेल तर सगळ्यात अरुंद पल्स मोजा: २ मायक्रोसेकंद म्हणजे ५००, ४ म्हणजे २५०. नसेल तर फक्त ऐकण्याच्या मोडमध्ये ५००, २५०, १२५, १००० असे एकेक करून बघा आणि कुठे नियमित फ्रेम येतात ते पाहा.

एमसीपी२५१५ वापरणाऱ्यांनी चांदीच्या रंगाच्या क्रिस्टलवरचा आकडा वाचावा. बाजारातल्या बहुतेक बोर्डांवर ८ मेगाहर्ट्झ असतो, आणि अनेक उदाहरण-प्रोग्राम १६ धरून चालतात. मग प्रोग्राममध्ये ५०० लिहिलं तरी बसवर प्रत्यक्षात २५० होतं. यातून एक फसवी परिस्थिती तयार होते: २५० च्या रिक्षावर ५०० लिहून सगळं चालतं, आणि तोच प्रोग्राम कारवर टाकला की शांतता. बिटरेट जुळला आणि तरी थोड्याच फ्रेम येत असतील तर सॅम्पल पॉइंट (बिटच्या कालावधीत तो वाचला जातो ती जागा) ८० ते ८७.५ टक्क्यांच्या दरम्यान आहे का बघा.

नव्या गाड्यांत काही बसवर कॅन एफडी (कॅनची नवी, जलद आवृत्ती) असते. एमसीपी२५१५ आणि साधा ईएसपी३२ यांना एफडी फ्रेम कळत नाही, ते तिला चूक समजतात. तिथे एमसीपी२५१८एफडी सारखा कंट्रोलर लागतो.

फक्त ऐका, पण टेबलावर नाही

चालत्या गाडीच्या बसवर पहिल्यांदा जोडताना कंट्रोलर नेहमी लिसन-ओन्ली मोडमध्ये ठेवा. नॉर्मल मोडमध्ये चुकीच्या बिटरेटचा नोड गप्प बसत नाही. त्याला प्रत्येक फ्रेम सदोष वाटते आणि तो एरर फ्लॅग टाकून दुसऱ्यांची चांगली फ्रेम मोडतो. ज्या नोडची फ्रेम मोडली त्याचा ट्रान्समिट एरर काउंटर ८ ने वाढतो. १२८ ला तो पॅसिव्ह होतो आणि २५५ ओलांडला की बसवरून बाहेर. आपल्या छोट्या बोर्डामुळे डॅशबोर्डवर चेतावणीचे दिवे लागतात ते असे. चालत्या गाडीत तर हे होताच कामा नये.

टेबलावर मात्र हाच नियम उलटतो, आणि इथे भलेभले अडतात. एकटा बीएमएस आणि एकटं आपलं यंत्र असेल आणि आपण लिसन-ओन्लीत असू, तर फ्रेमची पोच द्यायला बसवर कुणीच नसतं. बीएमएस तोच मेसेज पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. आपल्याला एक तर काहीच दिसत नाही, किंवा एकच आयडी सेकंदाला हजारो वेळा दिसतो आणि बाकीचे कधीच येत नाहीत. दोनच नोड असतील तर नॉर्मल मोड, दोन्ही टोकांना १२० ओहम. गाडीत गेलं की परत लिसन-ओन्ली.

गोठलेला आकडा

आता ७३ टक्क्यांवर चिकटलेल्या डिस्प्लेकडे येऊ. डिस्प्ले शेवटची मिळालेली किंमत दाखवत राहतो, एवढंच खरं. ती किंमत जुनी झाली हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून प्रत्येक किमतीबरोबर ती कधी आली याची वेळ साठवा. दर १० मिलिसेकंदांनी येणारा मेसेज अर्धा सेकंद आला नाही, किंवा १०० मिलिसेकंदांचा मेसेज २ सेकंद आला नाही, तर आकड्याच्या जागी रेघा दाखवा. एवढं केलं की पुढचा शोध निम्म्यावर येतो, कारण नेमकं कधी तुटलं ते कळतं.

तुटण्याचं सर्वात सामान्य कारण म्हणजे आपला प्रोग्राम मागे पडणं. ५०० केबीपीएसवर ८ बाइटची ११-बिट आयडीची फ्रेम साधारण पाव मिलिसेकंद घेते. बस निम्मी भरलेली असली तरी सेकंदाला दोनेक हजार फ्रेम येतात. सिरियल पोर्ट ११५२०० वर ठेवून प्रत्येक फ्रेम ४० अक्षरांच्या ओळीत छापायला गेलात तर सेकंदाला जेमतेम २८८ ओळी बाहेर पडतात. उरलेल्या सगळ्या गळतात. एमसीपी२५१५ मध्ये येणाऱ्या फ्रेमसाठी फक्त दोन बफर आहेत. ईएसपी३२ च्या ड्रायव्हरमध्ये रांगेची लांबी मुळात ५ असते. गळणाऱ्या फ्रेममध्ये १० मिलिसेकंदांचा मेसेज गेला तर जाणवत नाही, सेकंदाला एकदाच येणारा एसओसीचा (चार्जच्या टक्केवारीचा) गेला की आकडा गोठतो.

रांग ३२ किंवा ६४ करा. फ्रेम येताच ती घेण्याचं काम वेगळ्या टास्कमध्ये ठेवा, छापणं आणि वाय-फायवर पाठवणं दुसऱ्यात. हार्डवेअर फिल्टर लावून हवे तेवढेच आयडी घ्या. एमसीपी२५१५ मध्ये दोन मास्क आणि सहा फिल्टर आहेत, आणि दोन्ही मास्क लावावे लागतात. पहिलाच लावून दुसरा शून्यावर सोडला तर दुसऱ्या बफरमध्ये सगळी बस शिरते आणि फिल्टर लावूनही काही फरक पडला नाही असं वाटतं.

नॉर्मल मोडमध्ये असाल तर आपला स्वतःचा नोड बस-ऑफ (बसवरून बाहेर) झाला का तेही पाहा. ईएसपी३२ चा ड्रायव्हर आपणहून परत येत नाही, त्याला रिकव्हरीची आज्ञा द्यावी लागते. आणि रीसेट मोजा: हॉर्न, काँटॅक्टर (बॅटरीचा मोठा रिले) किंवा हेडलाइटच्या क्षणी बोर्ड पुन्हा सुरू होत असेल तर दोष स्वस्त बक कन्व्हर्टरचा (व्होल्टेज खाली आणणाऱ्या मॉड्यूलचा) आहे. इनपुटला १ अँपिअरचा फ्यूज, २४ व्होल्टचा टीव्हीएस डायोड आणि ४७० मायक्रोफॅरडचा ५० व्होल्टचा कपॅसिटर लावला की हा त्रास बहुतेक जातो.

बसवर काही नाहीच

वायर बरोबर, बिटरेट बरोबर, आणि तरी शांतता. असं असेल तर तिथे ब्रॉडकास्ट (न विचारता आपोआप येणारे मेसेज) नसण्याचीच शक्यता आहे. अनेक नव्या कारमध्ये ओबीडी सॉकेट आणि आतल्या बस यांच्यामध्ये गेटवे असतो. तो आतले मेसेज बाहेर सोडत नाही, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर फक्त आणून देतो. ह्युंदाई कोनासारख्या गाडीत ७ई४ ला २२ ०१ ०१ अशी विचारणा पाठवली की ७ईसी वर उत्तर येतं. उत्तर ८ बाइटपेक्षा लांब असल्यामुळे पहिली फ्रेम आल्यावर आपण ३० ०० ०० ही फ्लो कंट्रोल फ्रेम पाठवायची असते. ती पाठवली नाही तर पहिली फ्रेम येते आणि पुढे काहीच येत नाही. हे वाचनापुरतं ठेवा: सेवा २२, जुन्या गाड्यांत २१. लिहिण्याच्या आणि रूटीन चालवण्याच्या सेवांना हात लावू नका. मोबाइल अॅपचा डोंगल आणि आपलं यंत्र एकाच वेळी विचारत असतील तर उत्तरं एकमेकांत मिसळतात, म्हणून एक काढा.

डॅली कंपनीच्या बीएमएसचं मूळ कॅन प्रोटोकॉलही प्रश्नोत्तराचंच आहे. २५० केबीपीएस, २९-बिट आयडी. १८९००१४० ला ८ बाइट पाठवल्याशिवाय १८९०४००१ वर काही येत नाही. ब्रॉडकास्टची वाट पाहत बीएमएस खराब ठरवून बदलला जातो तो यामुळे.

चार्जिंगच्या बाजूने ऐकायचा विचार असेल तर एवढं ध्यानात ठेवा: सीसीएस-२ च्या गनमध्ये कॅन नाही, तिथे कंट्रोल पायलटच्या वायरीवरून पॉवर लाइन कम्युनिकेशन चालतं. चाडेमो आणि भारत डीसी-००१ या दुसऱ्या चार्जिंग मानकांत कॅन आहे.

आता सूत्र

इथपर्यंत फ्रेम नियमित येत असतील तरच या भागाला अर्थ आहे.

लीफचा १डीबी हा मेसेज शिकण्यासाठी चांगला आहे, कारण यात बहुतेक सगळ्या अडचणी एकत्र आहेत. करंट ११ बिटांचा: पहिला बाइट पूर्ण आणि दुसऱ्याचे वरचे ३ बिट. समजा पहिला बाइट २५१, दुसरा १९२. २५१ गुणिले ८ म्हणजे २००८, १९२ भागिले ३२ म्हणजे ६, बेरीज २०१४. एक पायरी अर्ध्या अँपिअरची, म्हणून १००७ अँपिअर? नाही. ही संख्या दोनच्या पूरक पद्धतीतली आहे: १०२३ च्या वर गेली की २०४८ वजा करायचे. २०१४ वजा २०४८ म्हणजे उणे ३४, अर्थात उणे १७ अँपिअर. चालताना हजारावर उडी मारून परत येणारा करंट हा असा. एका दिशेचा करंट बरोबर दिसतो आणि दिशा उलटली की बिघडतो, म्हणून दोष अधूनमधूनचा वाटतो.

व्होल्टेज तिसऱ्या बाइटमध्ये आणि चौथ्याच्या वरच्या २ बिटांत. तिसरा १८० आणि ते दोन बिट शून्य असतील तर १८० गुणिले ४ म्हणजे ७२०, पायरी अर्ध्या व्होल्टची, ३६० व्होल्ट. चौथ्या बाइटचे खालचे बिट वेगळ्या कामाचे आहेत. ते मास्क करून टाकले नाहीत तर आकडा थरथरतो. सातव्या बाइटमध्ये २ बिटांचा फिरता काउंटर आणि आठव्यात सीआरसी (फ्रेम पडताळायचा आकडा) आहे. काउंटर पुढे जात नसेल तर तुम्ही तीच जुनी फ्रेम परत वाचताय. एसओसी ५५बी मध्ये आहे: पहिला बाइट गुणिले ४ अधिक दुसऱ्याचे वरचे २ बिट, भागिले १०. ही बीएमएसची टक्केवारी आहे; डॅशबोर्डवरच्या आकड्याशी ती तंतोतंत जुळावी अशी अपेक्षा ठेवू नका. ५बीसी मधली शिल्लक ऊर्जा गाडी सुरू होताना काही क्षण १०२३ येते, म्हणजे सगळे बिट १. ती किंमत नाही, अजून माहिती तयार नाही असा निरोप आहे. अशा किमती गाळल्या नाहीत तर रोज सकाळी आलेखावर एक टोक उभं राहतं.

डॅलीच्या १८९०४००१ मध्ये करंटला ३०००० चा ऑफसेट आहे. पाचवा आणि सहावा बाइट मिळून आलेल्या संख्येतून ३०००० वजा करून १० ने भागायचं. २९६४० आलं तर उणे ३६ अँपिअर. वजा करायचं विसरलात की गाडी उभी असताना बरोबर ३००० अँपिअर दिसतो. तापमानाला ४० चा ऑफसेट आहे: ७२ म्हणजे ३२ अंश.

सेलचं व्होल्टेज १८९५४००१ वर येतं आणि तो मल्टिप्लेक्स केलेला मेसेज आहे. पहिला बाइट फ्रेमचा क्रमांक, पुढे तीन सेल, प्रत्येकी दोन बाइट, मिलिव्होल्टमध्ये. १६ सेलच्या पॅकला ६ फ्रेम लागतात आणि शेवटच्या फ्रेममध्ये एकच सेल खरा असतो. उरलेल्या दोन जागा वाचायच्या नाहीत. क्रमांक न पाहता वाचलं तर पहिल्या तीन सेलचे आकडे सतत नाचतात, आणि पॅकमध्ये असंतुलन आहे असं समजून चांगला पॅक उघडला जातो.

बाइटचा क्रम उलटा वाचला की काय होतं तेही ओळखता यायला हवं. १२ आणि २४०, मोठा बाइट आधी: १२ गुणिले २५६ अधिक २४०, म्हणजे ३३१२ मिलिव्होल्ट, एलएफपी सेलला शोभेल असं. उलटं वाचलं तर ६१४५२, म्हणजे एका सेलला ६१ व्होल्ट.

खरा आकडा कुठून आणायचा

अनोळखी गाडीचे मेसेज शोधताना किंवा सूत्र पडताळताना बाहेरचं खात्रीचं माप हवं. डीसी फास्ट चार्जर ही त्यासाठी सर्वात सोयीची जागा आहे: त्याच्या पडद्यावर व्होल्टेज, करंट आणि एसओसी एकाच वेळी दिसतात, आणि गाडी उभी असल्यामुळे बाकी सगळं स्थिर असतं. दर मिनिटाला पडद्याचा फोटो घ्या, लॉगमध्ये प्रत्येक फ्रेमची वेळ मिलिसेकंदांत, आयडी आणि आठही बाइट साठवा, मग जुळवा. चार्जरवरचा एसओसी मात्र गाडीने सांगितलेलाच असतो, स्वतंत्र माप नव्हे. तीनचाकीत डीसी मोजणारा हॉल-इफेक्टचा क्लॅम्प मीटर पॅकच्या वायरीभोवती लावा. साधा एसी करंटचा क्लॅम्प इथे शून्य दाखवतो.

चिन्हाची दिशा गृहीत धरू नका, कंपनीगणिक ती बदलते. गाडी रेडी करून जागेवर उभी ठेवा आणि एसी (वातानुकूलन) पूर्ण वेगात लावा: जो आकडा सरकला ती डिस्चार्जची दिशा. रीजन (वेग कमी होताना बॅटरीत परत येणारा करंट) बघायला घोडबंदर रोडवरचा गायमुखचा उतार चांगला, स्थिर करंट बघायला पाम बीच रोडचा सपाट भाग. लॅपटॉप शेजारच्या सीटवरच्या माणसाकडे, चालवणाऱ्याकडे नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन मिनिटं काहीही नाही, मग एसी, मग दोन मिनिटं काहीही नाही, मग हेडलाइट. एकदम सगळं बदललेल्या लॉगमधून काही हाती लागत नाही.

रात्रभर उभी गाडी

सगळं चालायला लागल्यावर आठवड्याभराने नवीन तक्रार येते: गाडी सकाळी उघडतच नाही. ट्रॅक्शन बॅटरी (गाडी चालवणारी मोठी) भरलेली असते, १२ व्होल्टची रिकामी. ओबीडीच्या पिन १६ ला वीज कायम चालू असते. १२ व्होल्टवर ६० मिलिअँपिअर खाणारं यंत्र दिवसाला जवळपास दीड अँपिअर-अवर घेतं. गणपतीत आठ-दहा दिवस गाडी सोसायटीत उभी ठेवून गावी गेलात तर छोट्या बॅटरीला ते पेलत नाही.

३० सेकंद एकही फ्रेम आली नाही की ईएसपी३२ ला डीप स्लीपमध्ये घाला आणि ट्रान्सीव्हरची रिसीव्ह पिन जागं करण्यासाठी वापरा, म्हणजे बसवर हालचाल झाली की तो उठेल. बक कन्व्हर्टर स्वतः किती खातो तेही बघा. काही स्वस्त मॉड्यूलवरचा लाल एलईडी एकटाच काही मिलिअँपिअर घेतो, तो काढून टाका. विचारणा पाठवणारं यंत्र असेल तर चावी बंद झाल्यावर विचारणा थांबलीच पाहिजे. काही गाड्या बसवर विचारणा येत राहिली की झोपतच नाहीत, आणि मग आपल्या यंत्रापेक्षा गाडीचे स्वतःचे कंट्रोलरच जास्त वीज खातात.

मोजायला मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून आपल्या यंत्राच्या धन वायरीत सिरीजमध्ये लावा, गाडी बंद करा, अर्धा तास थांबा. झोपेत ५ मिलिअँपिअरच्या खाली आलं पाहिजे.